करंगळीची माफी

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या म्हशी मोटारसायकलच्या मागनं पळायला लागल्या की नदीपर्यंतची जमीन हादरायची, आणि तिकडं पन्हाळ्यावरची माणसं भूकंप झाला म्हणून पोराबाळांसकट घराबाहेर यायची. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी खोटं बोलत नाही; खऱ्यावर जरा फेस येऊ देतो, धारोष्ण दुधावर येतो तेवढाच. आता सांगतोय त्या गोष्टीवरही फेस आहे. पण तो फुंकून बाजूला केलात तर खाली दूध निर्भेळ आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. तालमीसमोर आमचा दूधकट्टा होता. दिवेलागणीला म्हशी रस्त्याच्या कडेला आणून बांधायच्या, गिऱ्हाइकाच्या देखत धार काढायची आणि गरम ग्लास हातात द्यायचा, हा आमचा तीन पिढ्यांचा धंदा. आम्ही शैव गवळी. कट्ट्यावर रोज बसणारी माणसं पुष्कळ, पण जागा ठरलेल्या दोघांच्याच. एक तालमीचे वस्ताद, धर्मानं मुसलमान, आणि अंगानं असे की ते उठले की कट्ट्यावर उजेड पडायचा. दुसरे मास्तर, ख्रिस्ती, शाळेतनं निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे. तरणेपणी दोघं याच तालमीच्या मातीत एकमेकांना लोळवायचे. मास्तरांच्या उजव्या हाताची करंगळी आकड्यासारखी बाहेर वळलेली होती. कागलकडच्या एका जत्रेत दोघांची कुस्ती लागली होती, तेव्हा मोडली होती ती. मास्तर तिला छत्री अडकवायचे, आणि पायपेटीवर तिचे सूर शेजारच्या बोटाकडनं उसने घ्यायचे. त्या कुस्तीनंतर मास्तर लंगोट लावून आखाड्यात उतरले नाहीत. बोट पडण्यात मोडलं, असं सगळी गल्ली मानून होती.

दोघांचा एकच नाद, सैतान. दुसऱ्या कट्ट्यांवर राजकारण चालायचं, आमच्याकडं सैतान चालायचा. नुकती केबल आली होती, परदेशी पैलवान पडद्यावर खुर्च्यांनी एकमेकांना झोडपायचे, पण आमच्या कट्ट्यावरची ही कुस्ती त्याहून रंगायची. मी धार काढता काढता ऐकायचो.

वस्तादांचं म्हणणं असं : सैतान आगीपासनं झालेला. मातीच्या माणसापुढं झुक म्हणून हुकूम झाला तर म्हणाला, मी आग, ही माती, मी कशाला झुकू. अकड नडली. हाकलला. तेव्हा त्यानं कयामतीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि तेव्हापासनं तो कानात कुजबुजत फिरतो. पण कुजबुजतोच फक्त. हात धरून कुणाकडनं काही करून घ्यायची ताकद त्याला दिलेलीच नाही. आदमाची चूक झाली, आदमानं तोबा केली, ती कबूल झाली, विषय संपला. लेकरू जन्मतं ते स्वच्छ जन्मतं. पुढं ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर.

मास्तर मान हलवायचे. त्यांचा सैतानही अकडूच, तोही आकाशातनं खाली आलेला. इथवर दोघांचं जमायचं. पण मास्तर म्हणायचे, विषय संपला कुठं? पहिल्या माणसाची पाठ टेकली ती सगळ्यांची टेकली. आपण जन्मतो तेच खाली दाबलेले. स्वतःच्या जोरावर उठणं कुणाच्या बापाला जमत नाही, म्हणून देवाच्या पुत्रानं आपल्या जागी मार खाल्ला आणि आपल्याला सोडवलं. ते फुकट मिळालंय, फक्त हात पुढं करून घ्यायचं.

मी माझ्या बुद्धीनं त्याचा निकाल असा लावला होता की वस्तादांचा सैतान आखाड्याबाहेर उभा राहून चुकीचे डाव ओरडून सांगतो, आणि कुस्ती आपली आपण करायची असते. मास्तरांचा सैतान लांग कसून आत उतरलाय, छातीवर बसलाय, आणि आपली कुस्ती आपल्या वतीनं दुसराच कुणी मारून गेलाय. दोघंही हे ऐकून खूश झाले नाहीत. तुमच्यात कसं असतं रे, असं मला विचारलं की मी सांगायचो, आमच्यात सैतानच नाही, त्यामुळं सगळा दोष घरातल्या माणसांवर येतो.

तर एका वर्षी वस्तादांचा हजचा नंबर लागला.

हजला निघायच्या आधी गावभर फिरून माफी मागायची रीत असते. कुणाला काही बोललं असंल, दुखवलं असंल, तर ते त्या माणसानंच सोडायला हवं. वस्ताद सांगायचे, वरच्यापाशी काही चुकलं असंल तर ते वरचा सोडेल, पण माणसाचं माणसानं सोडल्याशिवाय वरचाही हात लावत नाही. रिवाजाप्रमाणं बाकीचे लोक घरटी एक वाक्य बोलून पुढं जातात. वस्तादांनी तसं केलं नाही. ज्याला जे केलं ते नाव घेऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे ठरवलं. जोतिबाच्या डोंगरावरच्या नारळवाल्यापर्यंत जाऊन आले. चाळीस वर्षांपूर्वी कुणाचा पेरू तोडला तेही सांगून आले. आमच्या थोरल्या म्हशीला एकदा काठी मारली होती म्हणून तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले. तिनं शेपटी हलवली. मी म्हटलं, केलं माफ. सगळं झाल्यावर एकच माणूस राहिला, आणि तो रोज शेजारी बसणारा.

त्या संध्याकाळी वस्तादांनी ग्लास हातात घेतला नाही. म्हणाले, “मास्तर, ती कागलची कुस्ती. माफ कर.”

मास्तर हसले. ते तर त्याच दिवशी केलंय, म्हणाले. तू मागायची गरजच न्हाय, आमच्यात मागायच्या आधी द्यायचं असतं.

“मी मागितलीच न्हाय आन तू दिलीस?” वस्ताद म्हणाले. “मग ती गेली कुणाकडं?”

कट्ट्यावर हशा झाला. मास्तरही हसत म्हणाले, अरे अपघात होता तो, जाऊ दे की. तेव्हा वस्तादांनी मान खाली घातली. एवढा डोंगर असा खाली वाकलेला मी कधी पाहिला नव्हता.

“अपघात न्हवता. पंचाची पाठ फिरली होती. तू मला चीत करणार हे मला कळलं होतं, आन कानात आलं, बोट धर. मी धरलं आन पिरगाळलं.”

हशा जागच्या जागी विझला. म्हशीची धार तेवढी बादलीत वाजत होती. मास्तरांनी ग्लास खाली ठेवला, करंगळीवरची छत्री काढून दुसऱ्या हातात घेतली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

वस्तादांच्या घरच्यांनी समजावलं की तुम्ही मागितलीत, तुमचं काम झालं. ते ऐकेनात. म्हणाले, तिथं सैतानाला खडे मारायचे असतात. तो माझ्याच पाठीमागं उभा असताना मी कुणावर खडे टाकू? मास्तरनं सोडलं न्हाय तर पासपोर्ट परत करतो. बायको रडली, पोरं चिडली, तालमीतले सगळे पाया पडले. माणूस तिळभर हलला नाही. सकाळ-संध्याकाळ मास्तरांच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे. लोक येता-जाता विचारायचे, वस्ताद, इथं जकात नाका लावलाय काय? ते म्हणायचे, व्हय, माझ्यासाठीच.

मी मधे पडलो. म्हणजे दुधाची कासंडी घेऊन मास्तरांकडं गेलो आणि बोलता बोलता म्हटलं की मास्तर, तुमच्यात तर फुकटची माफी, मग देताना इतका वेळ का लागतो? आतल्या खोलीत पायपेटीवर धूळ बसली होती. मास्तर बराच वेळ नखानं त्या धुळीत रेघा काढत राहिले. म्हणाले, “घ्यायला फुकट हाय रे. द्यायला न्हाय.”

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी वस्ताद फाटकातनं आत शिरले. मी मागोमाग, कारण दोन पैलवान एका खोलीत आले तर भिंत धरायला कुणीतरी हवं. मास्तर टेबलाशी बसले होते. वस्तादांनी समोर बसून उजवा हात टेबलावर पसरला आणि करंगळी पुढं केली.

“मोड. बदला घे, न्हायतर सोड. आमच्यात ह्या दोनच वाटा हायत.”

खरंच मोडतील असं मला वाटलं नव्हतं. पण मास्तरांनी बोट धरलं. हात चित्रकलेच्या मास्तरचा राहिला नाही, एका क्षणात तालमीतला झाला. बोट मागं वळायला लागलं. वस्तादांच्या कपाळावर घामाचे असे थेंब आले की बादली लावली असती तर भरली असती, पण त्यांनी हात तसूभरही मागं घेतला नाही. मास्तरांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते रविवारी पायपेटी वाजवणाऱ्या माणसाचं नव्हतं. आणि मग त्यांचं स्वतःचं ते वाकडं बोट वस्तादांच्या बोटावर आलं, आणि बहुतेक त्यांना ते दिसलं. त्यांनी सोडून दिलं.

“मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “पडण्यात बोट असं मोडत न्हाय. मी अपघात म्हणून माफ केलं, कारण अपघात माफ करणं सोपं होतं. दर रविवारी म्हणतो, आम्ही जशी दुसऱ्याला माफी दिली तशी आम्हाला दे. काय मागत होतो मी इतकी वर्षं?”

वस्ताद म्हणाले, मग आता दे. मास्तर म्हणाले, आज जमत न्हाय. तुझा सैतान कानात बोलतो, माझा ह्या बोटात घर करून राहिलाय. त्याला उठवायला मला एकट्याचा जोर पुरत न्हाय. तू जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईची बस तालमीसमोर उभी. गळ्यात हार, डोळ्यांत पाणी, सगळी गल्ली रस्त्यावर. वस्ताद पायरीशी उभे, चढायला तयार नाहीत. ड्रायव्हरनं असे हॉर्न दिले की माझ्या दोन म्हशी आटल्या. ह्या गोंधळात मास्तर आले ते रस्त्यानं नाही, तालमीच्या दारातनं. केव्हा आत गेले होते कुणास ठाऊक. गुडघ्यांना माती होती, उजव्या मुठीत आखाड्यातली लाल माती होती. कागलच्या त्या कुस्तीनंतर त्यांनी तालमीचा उंबरा ओलांडला नव्हता.

वस्तादांसमोर येऊन त्यांनी मूठ उघडली. कुस्ती लागायच्या आधी पैलवान जोडीदाराला माती देतो, हात मिळवतो आणि मगच भिडतो. वस्तादांनी माती घेतली. दोघांचे हात मिळाले, वाकड्या करंगळीसकट.

“माग आता,” मास्तर म्हणाले.

“कागलच्या मैदानात मी तुझं बोट जाणून मोडलं. माफ कर.”

मास्तरांनी हात सोडला. “केलं. चढ बसमधी.”

वस्ताद पायरीवर चढले तेव्हा मास्तरांनी खालनं सांगितलं की एक खडा माझ्या वतीनं मार. वस्तादांचा तोंडाळपणा तेवढ्यात परत आला. म्हणाले, तुमच्यात दुसऱ्याच्या वतीनं चालतं, आमच्यात चालतं का ते विचारून बघतो.

चाळीसेक दिवसांनी परत आले ते डोकं तुळतुळीत करून, खजूर आणि तिथल्या पवित्र पाण्याचे डबे घेऊन. सगळी गल्ली त्यांना हाजी म्हणायला लागली, मास्तर सोडून. पहिल्याच संध्याकाळी दोघं आपापल्या जागी बसले. मास्तरांनी विचारलं, खडा मारलास का? वस्ताद म्हणाले, विचारायचं राहून गेलं, पण एकदा हात आपोआप जोरात गेला, कुणाच्या वतीनं ते वरच्याला ठाऊक. मग ग्लास ओठाशी नेता नेता थांबले.

“मास्तर, खरं सांग. त्या दिवशी केलंस, की बस सुटावी म्हणून म्हणालास?”

मास्तरांनी करंगळीवरची छत्री नीट केली. “निम्मं त्या दिवशी केलं. निम्मं चालू हाय. रोज सकाळी उठून थोडं थोडं करतो.”

“चालू दे,” वस्ताद म्हणाले. “मी कुठं जात न्हाय.”

आणि त्यांनी ग्लास पुढं केला. मी दुसरी धार काढायला बसलो.