आधी ऐका, मग अंगठा

नारपोलीचे लहानू चहावाले म्हणजे पोलिसांचे ठरलेले पंच. हवालदार कोरा कागद पुढे करायचा आणि लहानू बिनदिक्कत अंगठा उठवायचे. लेक कलावती ठाण्याला कायदा शिकली आणि पहिली बापावरच भडकली, "न बघता साक्ष देता? उद्या निर्दोष माणूस आत जाईल!"

१९९१ साली ती फौजदार झाली. अंजूरच्या एका गोडाऊनमध्ये चोरी झाली, हमालाला बेड्या पडल्या. पंच म्हणून बोलावलेला म्हातारा चिंधू अंगठा पुढे करूनच उभा होता.

"आधी ऐका," म्हणत कलावतीने हवालदाराचा पंचनामा मोठ्याने वाचला, "कुलूप तोडून..."

"पन बाई, कुलूप तुटलेलं न्हाय," चिंधू म्हणाला. "चावीनं उघडलंय."

चावी मालकाच्या मेव्हण्याकडे असायची.

"हवालदार, हमालाच्या बेड्या काढा," कलावती म्हणाली. "ठेवून देऊ नका, मेव्हण्याला लागतील."