एका दिव्याची गाडी

बस चालवणारा माणूस रस्त्याला घाबरतो, असं सांगितलं तर लोक हसतात. पण हा ड्रायव्हर घाबरायचा. डेपोत सगळे त्याला कासव म्हणत. कंडक्टर वयाने लहान, म्हणून तो निदान कासवकाका म्हणायचा. दुधाने तोंड न पोळताच जन्मभर ताक फुंकून पिणारा हा माणूस. वळणावर हॉर्न, पुलावर हॉर्न, कुत्रं आडवं बसलेलं दिसलं तर बस थांबवून हॉर्न. इतक्या वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा नव्हता, आणि त्याचं श्रेय तो हाताला देत नसे. "भीती आहे म्हणून घरी पोचतो," म्हणायचा.

लेकीला त्याने गाडी शिकवली तीही याच शिदोरीवर. "समोरून कुणी अंगावर आलं तर भांडत बसायचं नाही. रस्ता त्याच्या बापाचा समजायचा आणि सरळ मातीत उतरायचं. चालवताना फोन वाजला तर वाजू दे, माझा असला तरी. आणि लांबून येणाऱ्याचा अंदाज दिव्यांवरून घ्यायचा. हल्लीच्या गाड्यांचे पुढचे दिवे दिवसाही जळतात. दोन दिसले तर चारचाकी, एक दिसला तर स्कूटर."

"आणि एकही नाही दिसला तर?" लेकीने विचारलं.

"तर समजायचं, येतोय कुणीतरी शहाणा."

लेक हसली होती. परवाना हातात आल्यावर ती पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन आत्याकडे गेली, तेव्हा हा दारात उभा राहून गाडी वळेपर्यंत बघत राहिला. एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी ती परत येणार होती.

दुसऱ्या दिवशी याची ड्युटी खरं तर शहरातली होती. पण आत्याच्या गावाकडच्या बसचा ड्रायव्हर तापाने फणफणला आणि डेपोने आयत्या वेळी याला पाठवलं. लेक वाटेत भेटेल असं काही त्याच्या मनात आलं नाही. बहीण जेवू घातल्याशिवाय सोडायची नाही, म्हणजे निघेपर्यंत संध्याकाळ, असा त्याचा हिशेब होता.

दुपार ढगाळ होती. दोनच गाड्या जेमतेम जातील असा रस्ता, कडेला भुसभुशीत माती, आणि पुढे सिमेंटचे पाइप लादलेला ट्रक. ट्रक काही बाजूला व्हायचं नाव घेईना. मागे हा शांतपणे चालला होता, पण प्रवाशांना कुठली शांती!

"काका, आम्ही उतरून चालायला लागू का? तुमच्या आधी पोचू!" मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं. बसभर हशा पिकला.

"काढा की हो काका आता," कंडक्टरही वैतागला.

माणूस किती ऐकून घेणार? त्याने बस जरा बाहेर काढून पुढे नजर टाकली. लांबवर एक दिवा होता. एकच, रस्त्याच्या पार कडेला धरून येणारा. स्कूटर. स्कूटरला कडेने निघून जाण्याइतकी जागा होती. त्याने बस बाहेर घेतली.

ट्रकच्या निम्म्यापर्यंत पोचला तेव्हा तो दिवा त्याला बरा दिसेना. स्कूटरचा दिवा असा तिरक्या पट्टीसारखा नसतो. मग त्या पट्टीशेजारी, रस्त्याच्याच रंगाचं काहीतरी राखाडी हललं. अख्खी गाडी होती. पुढे जायला अंतर नव्हतं, मागे यायला वेळ नव्हता. त्याने दोन्ही हातांनी हॉर्न दाबला आणि डोळे मिटले. हो, मिटले. उघडले तेव्हा समोर रस्ता मोकळा होता, आणि आरशात नुसता धुळीचा लोट.

बसमध्ये आता कुणाला विनोद सुचत नव्हता. "उतरला तो बाजूला," कंडक्टर घाईघाईने म्हणाला. "काही नाही झालं. चला, काका."

थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. मागे जाऊन काय बघावं लागेल, याची भीती वाटली.

पुढच्या थांब्यावर त्याने घटाघटा पाणी प्यायलं आणि मग त्याला रागवायला बळ आलं. "लाज नाही लोकांना! ड्रायव्हरच्या बाजूचा दिवा बंद, आणि खुशाल हिंडतात. समोरच्याने काय समजायचं?" एवढं बोलला आणि खिशातला फोन चाचपला.

कारण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. त्याच्या स्वतःच्या, लेक घेऊन गेली होती त्याच गाडीचा ड्रायव्हरच्या बाजूचा दिवसाचा दिवा बंद होता. रात्रीचे मोठे दिवे ठणठणीत, फक्त ती बारीक पांढरी पट्टी विझलेली. बायको सारखी मागे लागायची, "अहो, तो दिवा दाखवा ना मेकॅनिकला." हा म्हणायचा, "भर दिवसा दिव्यावाचून काय अडलंय? बघू रविवारी." असे कितीतरी रविवार आले आणि झोपेत गेले. लोकांच्या दिव्यांवर डेपोत तोंड वाजवणाऱ्याला आपल्या दारातला दिवा दिसत नव्हता, दुसरं काय! आणि गाडीचा रंग राखाडी होता.

त्याने बहिणीला फोन लावला.

"अरे, ती केव्हाच निघाली. जेवून जा म्हटलं, तर म्हणते, बाबांनी उजेडात पोचायला सांगितलंय."

मग लेकीला लावला. फोन वाजत राहिला. ती उचलत नव्हती. उचलणार नव्हतीच, त्यानेच तसं शिकवलं होतं. पण फोन न उचलण्याची दुसरीही कारणं असतात, आणि ती सगळी त्याला एकामागून एक दिसायला लागली. घरी फोन केला. "नाही आली अजून," बायको म्हणाली. "का हो?" "सहज," एवढंच तो म्हणाला. पुन्हा घरी फोन करायची त्याची छाती झाली नाही.

शेवटच्या थांब्यापर्यंत बस कुणी नेली, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. परतीच्या वाटेवर त्या जागी त्याने न विचारता बस उभी केली आणि खाली उतरला. चाकांच्या खुणा रस्ता सोडून उताराच्या काठापर्यंत गेल्या होत्या. झुडपं आडवी झाली होती. त्या खुणा तिथून परत वर आल्या होत्या का? मधल्या वेळात गुरं जाऊन माती तुडवली गेली होती, काही कळेना. खाली गाडी नव्हती. पण गाडी नसणं म्हणजे ती कुणी उचलून नेली असंही होऊ शकतं. कंडक्टरने हाताला धरून त्याला बसमध्ये चढवलं.

बस डेपोत लावून तो घराच्या वळणावर आला. गाडी दारात उभी होती. एका बाजूने मातीने माखलेली, आरसा तुटून लोंबणारा. त्याने बॉनेटवर हात ठेवला. जीव भांड्यात पडला होता, पण पुरता नाही.

आत लेक खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. आई तिची पाठ चोळत होती.

"बाबा, एक बस आली अंगावर! हॉर्न वाजवत, सरळ! तुम्ही सांगितलं होतं तेच केलं. भांडले नाही, मातीत उतरले. अजून थोडी पुढे गेले असते तर खाली..."

"त्या मेल्याचे हात झडोत!" आई म्हणाली.

याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"तुम्ही असतात ना तिथे, तर मी एवढी घाबरले नसते."

तो दाराची चौकट धरून उभा होता. गप्प राहिला असता तर जन्मात कुणाला कळलं नसतं.

"होतो मी तिथे," तो म्हणाला. "बस मीच चालवत होतो."

आईचा हात लेकीच्या पाठीवर थांबला. लेक पाय खाली सोडून ताठ बसली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग थांबला का नाहीत, बाबा?"

"घाबरलो," तो म्हणाला.