दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. देवासमोरही नाही — आणि देवासमोर तर मी रोज सकाळी अंघोळ करून बसतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसाठी मी अजूनही 'सर' आहे.

सर म्हणजे फिजिक्सचा. इंदूरच्या एका शाळेत जन्म गेला शिकवण्यात. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं इंदूरजवळच राऊला राहायला आलो, तळमजल्यावर, पार्किंगच्या अगदी शेजारी. बिल्डिंगमध्ये पाण्याची मोटर बिघडो की कुणाच्या मुलाची अ‍ॅडमिशन अडो, लोक म्हणायचे, सरांना विचारा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू — बघा, सवयीनं बोलून गेलो.

आमच्या वर सायली राहते. आमच्यासारखीच पिढीजात इंदुरी मराठी, कॉलेजात कॉमर्स शिकवते. तिनं बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली, बिल्डिंगमधली पहिली. मग तिच्या डोक्यात आलं की गच्चीवर सोलर पॅनल बसवायचे, लिफ्ट आणि मोटर त्यावर चालवायची. लोकांनी काय काय विचारलं तिला! ढग आले तर लिफ्टमध्ये अडकायचं का? पापड कुठे वाळवायचे? वीज पडली तर? एकीला तर भीती की पॅनलच्या उष्णतेनं तिची वरची खोली भट्टी होईल. सायली दारोदार गेली, प्रत्येकाकडे चहा प्यायली, प्रत्येकाला उत्तर दिलं. हळूहळू माणसं वळली. आमचे चेअरमन खंडेलवालजीसुद्धा. दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये फक्त हात वर करायचे राहिले होते.

आणि मी? मी तिच्याच बाजूचा होतो. चारचौघांत तसं बोलायचोही. पण आत काहीतरी टोचायचं. या सगळ्या गडबडीत एकदाही कुणी म्हणालं नव्हतं, सरांना विचारा. कॉमर्सची मुलगी मला सूर्यप्रकाशापासून वीज कशी होते ते समजावून सांगत होती, तेही अगदी आदरानं, आणि मी मान हलवत होतो.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की घाबरून झालं असेल. नुसतं घाबरून नाही झालं.

धनत्रयोदशीला आमच्याकडे यमासाठी दिवा लावतात. कणकेचा दिवा, वात दक्षिणेकडे, घराबाहेर. घरातल्या कुणाला अवेळी मरण येऊ नये म्हणून. फिजिक्स शिकवणारा माणूस आणि यमाचा दिवा? हो, लावायचो. आईनं लावला, बायकोनं कणीक मळली, मी लावला, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. दर वर्षी कंपाउंडच्या भिंतीशी ठेवायचो, येता-जाता सगळ्या बिल्डिंगला दिसायचा. त्या वर्षी वारा फार होता, वात टिकेना. म्हणून दिवा आत आणला, पार्किंगच्या दक्षिणेकडच्या भिंतीच्या आडोशाला. तिथेच सायलीची स्कूटर चार्जिंगला लावलेली होती, कव्हर घालून.

"अहो, ते कव्हर जरा बाजूला करा," बायको म्हणाली.

"करतो," मी म्हणालो. आणि खांद्याला पिशवी अडकवून आम्ही निघालो, सराफ्याला, चांदीचं नाणं घ्यायला.

परत आलो तेव्हा पार्किंगमध्ये सगळी बिल्डिंग जमलेली. धूर, पाणी, जळक्या प्लॅस्टिकचा वास. कव्हर गेलेलं, सीट गेलेली, मागचा भाग काळा पडलेला. पोरांनी बादल्यांनी पाणी मारून आग विझवली होती. कुणाला इजा झाली नव्हती. आणि तिथे, भिंतीच्या कडेला, त्या काळ्या पाण्यात माझा दिवा पडला होता. भाजून कडक झालेला कणकेचा गोळा. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे स्कूटरकडे बघत होते.

मला त्याच क्षणी कळलं. बॅटरी पेटली असती तर चार बादल्यांनी विझली असती का? हे मला कुणी शिकवायला नको होतं. कव्हरचं टोक वाऱ्यानं उडून माझ्या वातीवर आलं होतं, एवढंच झालं होतं.

मी वाकलो आणि तो गोळा उचलून रुमालात घेतला. घरी गेलो. कचऱ्याच्या डब्यांपुढे क्षणभर थांबलो — ओला की सुका? आपल्या इंदूरची सवय, हात आपोआप थांबतो. कणीक म्हणजे ओला. झाकण लावून बाहेर आलो. त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती, पण मी योग्य डबा निवडला याचं समाधान वाटलं.

बाहेर खंडेलवालजींनी मला गाठलं. कितीतरी दिवसांनी सगळे माझ्याकडे बघत होते.

"सर, बैटरी ही थी ना? आप तो जानकार हो."

मी म्हणालो, "लिथियम है, खंडेलवालजी. इसका क्या भरोसा."

बस. एवढंच. पुरावा कुणी मागितला नाही. मागतील कसे? त्यांना आधीपासून भीती होतीच, मी तिला फक्त सरांचा शिक्का मारून दिला. दिवाळीनंतर मीटिंग झाली. पार्किंगमधलं चार्जिंगचं सॉकेट काढून टाकलं. सोलरचं नाव निघालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, खाली एक भट्टी झाली, आता वर कशाला? लोक हसले. मी हसलो नाही. पण बोललोही नाही.

आणि सायली? ती घरोघरी गेली, जशी आधी गेली होती तशीच. या वेळी माफी मागायला. आमच्या दारातही आली.

"माझ्या चक्करमध्ये सगळे परेशान झाले, सर. सॉरी. काकू घरी असत्या आणि धूर आत आला असता तर? मला तर झोपच नाही येत."

मी तिला म्हणालो, असू दे, होतं असं. मी तिला माफ केलं! माणूस इतका खाली उतरू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. ती गेल्यावर मी जेवलोसुद्धा.

आता ती पेट्रोलची गाडी चालवते. कॉलेजात कुणी बॅटरीची स्कूटर घेतो म्हणालं की तीच त्याला थांबवते. आमच्या बिल्डिंगमध्ये काय झालं ते सांगते. पूर्वी तिच्या बोलण्यानं माणसं वळायची, आताही वळतात. माझं खोटं ती प्रामाणिकपणे गावभर नेते आहे.

बायकोनं मला कधी काही विचारलं नाही. त्या रात्री तिनं फक्त एवढं म्हटलं, दिवा दिसला नाही. मी म्हणालो, विझला होता, टाकला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ताट वाढलं. पुढच्या वर्षीपासून धनत्रयोदशीला तिनं कणीक मळली नाही. मीही आठवण केली नाही.

या वर्षी संध्याकाळी बेल वाजली. दारात सायली, हातात कणकेचा दिवा, तेल घातलेला, वात ओढलेली.

"काकू आता बनवत नाहीत ना, तर मीच घेऊन आली," ती म्हणाली. "त्या साली एवढी आग लागली, पण कुणाला काही झालं नाही. तुमच्या दिव्यानेच वाचवलं आपल्याला, सर. मला तर पक्का भरोसा आहे. तुम्हीच लावा."

आतून बायको बघत होती. मी दिवा घेतला. बाहेर जाऊन वात दक्षिणेकडे केली आणि पेटवला. सायलीनं हात जोडले. मीही जोडले.