एक घोट पाणी

लकव्यानंतर बाबांनी बोलायचा प्रयत्नच सोडला, म्हणून मी त्यांना बड़ा गणपती मंदिराजवळ एका बाईंकडे नेलं. त्या सत्तरीच्या होत्या. इंदूरमधल्या कितीतरी स्पीच थेरपिस्ट त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या.

"बाबूजी, सकाळी काय खाल्लं?"

"पोहे," मी सांगितलं.

"चहा गोड घेता?"

"नाही, शुगर आहे त्यांना," पुन्हा मीच.

बाई रागावल्या नाहीत. पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवून इंदुरी ढंगात म्हणाल्या, "भिया, एक घोट तोंडात धरा. मी सांगेपर्यंत गिळायचं नाही."

मग त्यांनी पहिलाच प्रश्न परत विचारला आणि हात मांडीवर ठेवून बाबांकडे बघत बसल्या. बाबांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. माझे गाल दुखायला लागले.

"जि... जिलेबी," बाबा म्हणाले.

बाईंनी मान हलवली, तसं मी पाणी गिळलं. चार महिने मी बाबांच्या वतीने बोलत होतो, आणि त्यांनी सकाळी काय खाल्लं हेही मला ठाऊक नव्हतं.

"इतकी वर्षं मी बोलायला कमी शिकवलं," बाई म्हणाल्या, "घरच्यांना थांबायलाच जास्त."

"पण बाबा, जिलेबी दिली कोणी?" मी विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं. "शेजारच्या काकूंनीच ना?" मी म्हणालो.

बाईंनी पेला पुन्हा भरला.