पिशवीचा आधीचा गट

ती घटना आठवली की आजही अंगावर काटा येतो. जबलपुरातल्या सदर भागात मी ठाणेदार होतो. एका खासगी रक्तकेंद्राच्या मालकाचा सकाळीच फोन आला. रात्री एका रुग्णाला चुकीच्या गटाचे रक्त चढले होते आणि तो अत्यवस्थ होता. मालकाने दोषीही सांगून टाकला, तंत्रज्ञ मुलगी. स्वतःच्या गाडीत बसवून तिला आमच्याकडे पाठवलेसुद्धा!

पोरगी मराठी घरातली, वडील संरक्षण कारखान्यात. ती रडत होती, पण जबाब बदलत नव्हती.

"सर, मी कॉम्प्युटरमध्ये 'ए'च टाकलं होतं. काहून खोटं बोलू? पिवळं लेबल लागायला पाहिजे होतं."

संगणकात जो गट, त्या रंगाचे लेबल, अशी तिथली पद्धत. रुग्ण 'बी' गटाचा. पिशवीत रक्त 'ए' निघाले, लेबल मात्र 'बी'चे गुलाबी. दुपारी मी केंद्रात गेलो, तर नोंदही 'बी' आणि खाली तिचेच नाव.

"साहब, कंप्यूटर में सामने दिख रहा है, और क्या चाहिए?" मालक म्हणाला. रुग्ण दगावला असता तर पोरगी तुरुंगात गेली असती.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "लड़की को फँसा रहे हैं. वहाँ सब एक ही पासवर्ड से काम करते हैं." म्हणजे तिच्या नावावरची नोंद कोणीही बदलू शकत होते.

मी सायबर शाखेच्या उपनिरीक्षक बाईंना बोलावले. पंचांसमोर त्यांनी फाइलींची प्रत घेतली, लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली आणि एकच ओळ टाइप केली. अक्षरांचा लोंढा सुरू झाला. डेटाबेस प्रत्येक बदल वेगळ्या लॉगमध्ये लिहून ठेवतो, तो नेहमीच्या स्क्रीनवर दिसत नाही, असे त्यांनी समजावले. मग त्यांचे बोट थांबले.

"सर, ये देखिए. पहले 'ए', बाद में 'बी'."

दोन्ही गट तिथे होते, आधीचा आणि नंतरचा, वेळेसकट. मी थक्क होऊन पाहत राहिलो. पुसलेले काही गेलेच नव्हते! आणि बदलाच्या वेळी ती पोरगी ठाण्यात माझ्यासमोर बसून रडत होती.

मालकाला वाटले होते, नोंदीत फक्त पहिली तारीख दिसते, आणि ती तर बदलत नाही. मी ती ओळ त्याच्यासमोर ठेवली. पाणी मागून तो बोलू लागला. घाईत गुलाबी लेबल त्यानेच चिकटवले होते. पोरगी ठाण्यात पोचल्याचे कळताच त्याने नोंद फिरवली होती.

रुग्ण वाचला. पोरीने ती ओळ पाहिली आणि म्हणाली, "माझं 'ए' आहे ना सर, तसंच आहे."

माणसांना बोलते करण्यात माझी हयात गेली. इथे एका यंत्राला नीट विचारले आणि त्याने काहीही न लपवता सगळे सांगितले. मला ते नवलच वाटले, अजून वाटते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणी कसलाही पुरावा पुढे केला, की मी पहिला प्रश्न हाच विचारत असे, "याच्या आधी इथे काय होतं?"