हाय म्हणजे ऐकतोय

लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सोयाबीनचा सौदा ऐन भरात होता, माझा हात ढिगात होता आणि फोन वाजला. नांदेडच्या दवाखान्यातून अक्काची विद्यार्थिनी रेणुका बोलत होती, "काका, मॅडम गेल्या." पुढं ती काय म्हणाली ते आठवत नाही... ढिगातून हात काढायचं मात्र कितीतरी वेळ सुचलं नाही. आता दीड महिना होत आला.

महानंदा ही माझी थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची अक्का. उदगीरच्या आमच्या किराणा दुकानात वाढलेली ही पोरगी पुण्याला शिकायला गेली आणि जपानी भाषा घेऊन परतली ती थेट नांदेडला. बाबा म्हणाले, नांदेडात जपानी बोलणार कुणाशी, गोदावरीशी? पण अक्का हट्टी. नांदेडजवळ भोकर रस्त्यावरच्या एका खाजगी विद्यापीठानं जपानी भाषा, संस्कृती आणि व्यापार यांचं केंद्र काढलं, तेव्हा ते चालवायला तीच मिळाली. इंग्रजीला बिचकणाऱ्या खेड्यातल्या पोरींना ती सांगायची, घाबरू नका गं, जपानी माणूसही आपल्यासारखंच क्रियापद शेवटी ठेवतो. वाक्य तेच, शब्द तेवढे बदला. आणि पोरी खरंच बोलू लागल्या. दोघी-तिघी तिकडं नोकरीलाही गेल्या. तिनं लग्न केलं नाही, ते केंद्रच तिचं घरदार. मी चिडवायचो, अक्का, तू आता भांडतेस तेसुद्धा कमरेत वाकून!

मग ते सोयाबीनचं झालं. केंद्राच्या ओळखीनं जपानचे दोन खरेदीदार लातूरला आले. इकडून आम्ही चार व्यापारी, मध्ये दुभाषी अक्का. माल चोख आहे म्हटलं, पाहुणा म्हणाला, "हाय." भाव परवडेल म्हटलं, "हाय." दरवर्षी देऊ म्हटलं, पुन्हा मान लववून "हाय." आमच्याकडं हाय म्हणजे आहे, विषय संपला! त्याच संध्याकाळी मोंढ्यात पेढे वाटले गेले. अक्का जीव तोडून सांगत होती, अरे, त्यांचं हाय म्हणजे नुसतं 'ऐकतोय', सौदा ठरला असं न्हाई. पण ऐकतो कोण? पुढं पाहुण्यांचा नम्र नकार आला आणि खापर तिच्याच डोक्यावर फुटलं. म्हणे बाईनंच काहीतरी उलटंसुलटं सांगितलं. मी माझ्याच लोकांशी भांडलो, पण विद्यापीठाचं मन उडालं ते उडालंच. आधी जोडीचा मास्तर गेला, मग मोठी खोली गेली. ग्रंथालयामागच्या कोंदट खोलीत ती एकटी शिकवत राहिली, पोटाचं दुखणं बळावलं तरी. तुम्ही आहात तोवर चालू द्या, असं वरिष्ठांनी तोंडावर सांगून टाकलं होतं. म्हणजे तिच्यामागं कुलूप. तिला मरणाची भीती नव्हती हो, त्या कुलपाची होती.

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा हाताची नुसती काडी झाली होती. मी मोसंबी सोलत बसलो. अक्का म्हणाली, "पोरींचा वर्ग मोडू देऊ नको. मी नसले तर तू हायेस ना?"

"हाय, अक्का."

तिनं मान वळवली. "कोणतं हाय? आपलं का त्यांचं?"

"आपलं," मी म्हणालो. तिनं डोळे मिटले. विश्वास बसला की नाही, देव जाणे... मला रडू आवरेना, म्हणून पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं बाहेर आलो.

तेव्हापासून विद्यापीठाचे उंबरे झिजवतोय. शिकवायला कोणी मिळत नाही. पुण्यातलं सोडून इकडं कोण येणार? परवाच्या रविवारी हातापाया पडून ती खोली तेवढी उघडून घेतली. रेणुका आणखी चौघींना घेऊन आली. पोरींनी चपला दाराबाहेर काढल्या आणि वाकून, टोकं बाहेरच्या बाजूला वळवून, नीट ओळीनं ठेवल्या. अक्कानं लावलेली जपानी सवय. मग आपल्या आपण मोठ्यानं वाचू लागल्या. एके ठिकाणी रेणुका अडखळली. तेच वाक्य दोन तऱ्हांनी म्हणून पाहिलं, सवयीनं अक्काच्या टेबलाकडं बघितलं. तिथं मी बसलेलो, लातूरचा आडत्या.

"काका, यातलं कोणतं बरोबर हाय?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. "पुढं वाच, पोरी," मी म्हणालो.