जाळीमागचा काळोख

उलोमाने आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं आणि दुसऱ्यांची मयतं शूट केली. वीस वर्षं! खांद्यावर टेपचा जुना बोजड कॅमेरा, कमरेला बॅटऱ्या, आणि नवरीच्या मावशीपासून रडणाऱ्या विधवेपर्यंत प्रत्येकीचं एकच, "माझा चेहरा नीट घे गं." नवरा गेला तेव्हा त्याची मयतही तिनेच घेतली, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायला तिचा जीव धजेना. अशी ही बाई. पन्नाशी जवळ आली तशी तिने डोक्यात घेतलं, आता स्वतःचा सिनेमा करायचा. बाजारात बसणाऱ्या एका बाईची गोष्ट, आणि शेवटच्या प्रसंगात खरा मम्वू.

तिथेच सगळं बिघडलं. ओनित्शा शहरातले सिनेमावाले भाड्याचं सोंग आणतात. गोणपाट गुंडाळून कुणीतरी नाचतो आणि खेड्यातली शेंबडी पोरंसुद्धा फिदीफिदी हसतात. उलोमाला तसलं नको होतं. तिला नवऱ्याच्या गावचा, उमुओडूचा, मम्वू हवा होता. मम्वू म्हणजे जमिनीतून वर आलेला पूर्वज, अंगभर झूल आणि तोंडावर जाळीचा मुखवटा. आत माणूस असतो हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं आणि एकही बाई ते बोलत नाही. तिच्या सासूच्या तरुणपणी एक जाऊ मम्वूची चाल बघून खुदकन हसली होती, "अगं बाई, हे तर आमचे भाऊजी!" त्याच संध्याकाळी तिला माहेरी धाडलं, ती परत आली नाही. आणि भाऊजी? त्यांना त्यानंतर कुणी पाहिलं नाही. कुठे गेले, हे विचारायचीही सोय नव्हती.

तरी उलोमा तीनदा इचिए नेबोंच्या अंगणात गेली. हे गावचे थोरले मानकरी. मम्वूला बाहेर काढायचं की नाही ते ठरवणारे. तिने मानाच्या कोला बिया नेल्या, ताडी नेली, शेवटी बोकडही नेला. मग जुन्या कॅमेऱ्यावर मागच्या वर्षीच्या मयतीतला मम्वू दाखवला. तोंडावरच्या जाळीमागे नुसता काळोख होता.

"हे असंच येणार?" म्हाताऱ्याने विचारलं.

"अस्संच, बाबा."

"मग कर. पण घेतलेलं आधी आम्ही बघणार, तिथल्या तिथे. जाळीमागे काळंच हवं, सूनबाई."

पण टेपा आता मिळेनाशा झाल्या होत्या. नवा कॅमेरा घेणं भागच होतं. उलोमा बाजारात उगोच्या दुकानात गेली. दुकान कसलं, परदेशातून आलेल्या जुन्या कॅमेऱ्यांचा ढीग.

"आंटी, हा मोठा घ्या. खांद्यावर घेतला की लोक आपोआप बाजूला होतात."

"लोकांना बाजूला करून काय करू? मला चित्र दिसायला हवं. दिवे आणि जनरेटर भाड्याने आणायची माझी ऐपत नाही. आणि त्या घरघरीत संवाद कुणाला ऐकू जाणार, तुझ्या आज्याला?"

उगो हसला आणि त्याने खालच्या कप्प्यातून एक छोटासा कॅमेरा काढला. "मग हा न्या. दिसतो खेळण्यासारखा, पण ह्याला अंधार कळतच नाही." त्याने तो टेबलाखालच्या काळोखात धरला. पडद्यावर त्याच्या चपलेचा तुटका अंगठा लख्ख दिसला.

उलोमा हरखून गेली. दिवे नकोत, जनरेटर नको! मला अजून नवल वाटतं, एवढी हुशार बाई, त्या क्षणी तिला जाळी कशी आठवली नाही?

घरी येऊन तिने मुलाला फोन लावला. एकुलता एक ओबियोरा, पोर्ट हारकोर्टला गोदीत कामाला.

"ये रे दोन दिवस, मदतीला."

"सुट्टी नाही गं आई. साहेब खाऊन टाकेल मला."

"जळली तुझी नोकरी!" म्हणत तिने फोन ठेवला.

शूटिंग झालं ते दिवस कलताना, गावच्या मोठ्या झाडाखाली. बायका लांब उभ्या होत्या. ढोल घुमले आणि मम्वू आला, घुंगरांच्या तालावर, जमीन तुडवत. बाजारवालीचं काम करणारी नटी गुडघ्यांवर कोसळली, मम्वू तिच्यावर वाकला. असा प्रसंग पुन्हा साधणार नाही, हे उलोमाला घेतानाच कळलं होतं.

ढोल थांबले. तिने डोक्यावरून कापड ओढून घेतलेलं पुन्हा लावलं. पडद्यावर जाळी जवळ आली, आणि मागे काळोख नव्हता. घामाने निथळलेला गाल होता. डाव्या भुवईवर खोकेची जुनी खूण होती. सातव्या वर्षी तिच्याच कॅमेऱ्याच्या तिपाईवर आपटून पडलेली खोक.

ओबियोरा! सुट्टी नाही म्हणणारा!

 तिकडून इचिए नेबो काठी टेकत येत होते, सोबत दोन तरणे गडी. म्हाताऱ्याची नजर अधू असेल, त्या दोघांची नव्हती. सिनेमा गेला खड्ड्यात, पोरगं वाचलं पाहिजे, एवढंच तिच्या मनात आलं. तिने पुसायचं बटण दाबलं. इतके दिवस उराशी धरलेलं सगळं अंगठ्याच्या एका दाबानं गेलं.

"दाखव, सूनबाई."

"नाही, बाबा... पुसलं. नीट आलं नाही. नवा कॅमेरा आहे, हात बसला नाही अजून."

गडी खो खो हसले. "बायकांना यंत्र निवडायला कुणी सांगितलं होतं?"

इचिए हसले नाहीत. "नीट आलं नाही म्हणजे काय आलं?"

"काळं, बाबा. जाळीमागे नुसतं काळं."

 पाच पावलांवर मम्वू उभा होता. त्याच्या पायांतली घुंगरं वाजायची थांबली.

"काळंच यायचं ठरलं होतं ना?" इचिए हळू आवाजात म्हणाले. "मग पुसलंस कशाला?"